दांडीला बांधलेली सुतळी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

मला धीर कमी. भात शिजायच्या आधी चारचारदा झाकण उघडून बघणारी बाई मी.

ऐंशीच्या आसपास एडवणला आमची भात भरडायची गिरणी होती, डिझेल इंजिनावरची. नवरा बोईसरला कंपनीत, म्हणून गिरणी माझे धाकटे दीर, दामूभावजी, चालवत. इंजिनाच्या पंपाला एक दांडी होती. गिरणीत भात पडलं की ती आपोआप सरकून जास्त डिझेल सोडायची, भात संपलं की मागे यायची. त्या दिवसांत ती अडखळे, म्हणून भात संपता संपता भावजी स्वतः ती हाताने मागे घेत. "तुमी तिला हात लावू नका हां, वयनी," असं मला बजावत.

त्या दुपारी ते जेवायला गेले आणि मी गिरणीत बसले. भात दमट, इंजिन कण्हतंय, बायका खोळंबलेल्या — मी काय केलं असेल? दांडी पुढे ओढली आणि पोत्याच्या सुतळीने बांधून टाकली. इंजिन असं जोरात चाललं की मला माझंच कौतुक वाटलं!

भावजी परतले, मी पाणी भरायला निघाले. सांगायचं राहिलं. राहिलं — की बोलणी बसतील म्हणून मीच राहू दिलं? मला अजून ठरवता येत नाही.

शेवटचं पोतं संपलं तेव्हा मी पाणी घेऊन परतत होते, बायका बाहेर तांदूळ पाखडत होत्या. दांडी बांधलेली, डिझेल मात्र तेवढंच पडत राहिलं. इंजिन उधळलं, पट्टा तुटून भावजींच्या हातावर बसला. मी धावत आत गेले, डिझेल बंद केलं. ते बेशुद्ध पडले होते. आणि मी — आधी सुतळी सोडली. कमरेला खोचली. मग हाका मारल्या.

शुद्धीवर आल्यावर त्यांना काहीच आठवेना. मलाच विचारलं, "वयनी, मी निजलो व्हतो काय?"

"डोळा लागला आसंल, भावजी," मी म्हटलं.

हात कोपरातून पुन्हा सरळ झाला नाही. गावात कुणी त्यांच्या हाती इंजिन दिलं नाही. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. आजही नातवंडांना सांगतात, "मशिनीपाशी निजायचं नाय, माज्यासारखं."

मी तिथेच बसलेली असते. मान डोलावते.