ऑरेस्टचा कान

ग्लेंडा फ्रीझनला ऑरेस्ट बाबियाक पहिल्यांदा दिसला, तो प्रेत म्हणून. उणे छत्तीसची संध्याकाळ, टॉर्च क्रीक या बर्फाळ गावात तिचा पहिलाच आठवडा, आणि तिच्या गाडीच्या बॉनेटवर एक जाडजूड कोट पालथा पडलेला! खाली दोन बूट, वर कानटोपी, हालचाल शून्य. म्हातारा उभ्या उभ्या गोठला आणि आता एप्रिलपर्यंत सुटायचा नाही, अशी तिची खात्रीच झाली. आधी पोलिसांना बोलवावं की पाद्रीबाबांना, हा विचार चालू असतानाच प्रेताने एक बोट वर केलं.

"शू! गातोय."

गात होता तो इंजिनातला हीटर. टॉर्च क्रीकमध्ये प्रत्येक गाडीच्या जबड्यातून एक वायर लोंबते. संध्याकाळी ती घराच्या प्लगात खोचायची, म्हणजे हीटर रात्रभर इंजिनातलं पाणी कोमट ठेवतो. विसरलात तर सकाळी ऑइलचा गूळ झालेला असतो. वायर खोचल्यावर चांगला हीटर बारीक सणसणतो, चहाचं आधण येऊ लागावं तसा. एवढासा आवाज ऐकायला ऑरेस्टसारखाच कान लागतो. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेला हा माणूस नुसत्या घरघरीवरून कुठली बस रुसली आहे ते सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्याने सगळी गल्लीच दत्तक घेतली. रात्री बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, त्याच्या लाडक्या पिरोगी, हाणून झाल्या की कानटोपीचा एक पाखा वर करून स्वारी निघे, आणि घरोघरच्या बॉनेटना कान लावत फिरे.

ग्लेंडाला त्याची फार गरज होती. तीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात ती स्वयंपाक करायची. तिची गाडी अडली की सात वाजता बावीस म्हातारे हातात चमचे घेऊन बसून राहणार.

पाच हिवाळे बिनघोर गेले. सहाव्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका संध्याकाळी ऑरेस्ट म्हणाला, "गातोय, पोरी! आज तर ताना मारतोय!" सकाळी उणे एकेचाळीस. गाडी एकदा "हं" म्हणाली आणि गप्प झाली.

ऑरेस्टने तिला आपल्या ट्रकमध्ये घातलं. रेडिओ असा बोंबलत होता की काचा थरथरत होत्या. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळताना लावलेला इंडिकेटर तीस किलोमीटर टिकटिकत राहिला. ऑरेस्टला पत्ताच नाही. ग्लेंडा त्या टिकटिकीकडे बघत राहिली आणि तिला सगळं कळलं.

गॅरेजवाल्याने नवा हीटर बसवताना सांगितलं, "जुना जळून तीन आठवडे झाले असतील. मधे थंडी कमी होती, म्हणून निभावलं."

तीन आठवडे म्हातारा मेलेल्या हीटरचं गाणं ऐकत होता!

त्या संध्याकाळी ऑरेस्ट तिच्या फाटकाशीच थांबला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"आज तूच बघ बाई. माझी ही टोपी फार जाड आहे."

काही बोलली नाही तर हा उद्यापासून घरातच बसेल, हे ग्लेंडाला दिसत होतं. आणि याच्या शब्दावर विसंबली, तर तिकडे बावीस चमचे.

"मला कुठलं कळायला?" ती म्हणाली. "माझा कान स्वयंपाकघरातला. या इकडे आणि शिकवा. उगाच भाव खाऊ नका."

एका बाजूने त्याने कान टेकला, दुसऱ्या बाजूने तिने. मधे बॉनेट. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"काय?" त्याने विचारलं.

"गातोय," ती ओठ मोठे हलवत म्हणाली.

"मग! मी काय म्हणत होतो?"

तेव्हापासून रोज हाच कार्यक्रम. गल्लीतल्या बाकीच्या गाड्यांनाही दोघं मिळूनच जात. मागून कुणीतरी ओरडायचं, "काय ग्लेंडा, लग्न कधी?" ऑरेस्टला ते ऐकू यायचं नाही, आणि ग्लेंडा सांगायची नाही.

फेब्रुवारीत एकदा तिने मान हलवली. "गप्प आहे, ऑरेस्ट."

"मलाही संशय आलाच होता," तो ताडकन म्हणाला. वाकून पाहिलं तर वायर प्लगातून अर्धी निसटलेली. त्याने ती दाबून बसवली. "आता?"

"गातोय."

"कालच्यापेक्षा सुरात," ऑरेस्ट म्हणाला आणि टोपीचा पाखा खाली ओढून पुढच्या घराकडे निघाला.

मे महिन्यात त्याची मुलगी त्याला व्हिक्टोरियाला, समुद्रकाठी आपल्या घरी घेऊन गेली. तिथे जानेवारीतही गवत हिरवं असतं. गाड्यांना वायर नसते.