निवड समितीतलं माझं एक वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तिला तर मुळीच नाही, कारण सुजाताला पहिल्यांदा घरी जेवायला तिनंच बोलावलं होतं.

आयर्लंडमधल्या गॉलवेपासून तासाभरावर आमचं विद्यापीठ. नवं कोरं, भिंतींना अजून रंगाचा वास. पाट्या आयरिश आणि इंग्रजीत, कँटीनमध्ये निम्म्या जगाच्या भाषा, आणि प्रत्येक भाषणात एकच पालुपद — आम्ही जगभरातली माणसं आणतो. त्या जगातला पुण्याचा नमुना म्हणजे मी. माहितीपत्रकावर माझा फोटो. फुशारकी वाटायची का? वाटायची ना.

सुजाता सोलापूरची, माझ्याच विभागात तात्पुरती संशोधक. मग प्राध्यापकाची कायमची जागा निघाली. सगळ्या उमेदवारांत तिचं काम सरस होतं, हे समितीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. मुलाखतीत ती भराभर बोलली, आणि सोलापूरचा हेल तिच्या इंग्रजीतही होताच. ती बाहेर गेल्यावर अध्यक्षांनी — भला माणूस — सहज मला विचारलं, "काम ग्रँड आहे. पण मुलांना तिचं बोलणं समजेल ना?"

मलाच का? कारण मीही तिकडचाच. आपल्या माणसाची तळी उचलतोय असं कुणाला वाटलं तर, अशी भीती वाटली — नाही, एवढंच असतं तर बरं होतं. ती इथं राहिली असती तर तिच्या हेलात त्यांना — पुणं काय, सोलापूर काय, त्यांना सारखंच — माझा जुना हेल ऐकू आला असता. तो घालवायला मी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं होतं. आणि ती माझ्याहून हुशार होती. झालं, हे खरं कारण.

म्हणालो, "खरं सांगू? मलाही नीट कळलं नाही."

धडधडीत खोटं. शब्द न् शब्द कळला होता मला. पण तिच्याच मुलखातला माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर पुढं कोण बोलणार? जागा दुसऱ्याला गेली. सुजाताचा व्हिसा संपत आला, तिनं सामान बांधलं.

निघण्याआधी ती घरी आली. बायकोनं तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली होती. "सर, माझं काय चुकलं?" तिनं विचारलं. स्पर्धा फार होती, असं काहीतरी मी पुटपुटलो. तर म्हणते, "तुम्ही आत होतात, म्हणून धीर होता मला." आणि दारात वाकून तिनं मला नमस्कार केला.

मी करू दिला.