उलटा गठ्ठा

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा ती छापून आणायचे, मी घड्या घालायचे. ‘हक्क’ हा शब्द मी शाळेत जाण्याआधीच वाचायला शिकले होते. पुढे बाबा गेले, आई भावाकडे कल्याणला राहायला गेली आणि घरात मी उरले, माझ्या लॅपटॉपसह. संगणकाची पदवी होती, नोकरी नव्हती. सकाळी दूधवाल्याशी बोललेलं एक वाक्य कधी कधी संध्याकाळपर्यंत पुरवावं लागायचं.

सापगावच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला एक धर्मादाय दवाखाना आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर येतात. ताप आला म्हणून मी तिथे गेले आणि सकाळी आठलाच केसपेपर दिला. तिथले शिपाईमामा प्रत्येक नवा पेपर आधीच्या पेपरवर ठेवत होते आणि डॉक्टर वरचा पेपर उचलत होते. अकराला आलेली माणसं आत गेली. माझा नंबर लागला दोनला.

प्रोग्रामिंगमध्ये याला स्टॅक म्हणतात. शेवटी ठेवलेलं आधी निघतं. टाइप करताना चुकलेलं मागे घ्यायला ही रचना उत्तम. पण माणसांना? माझा ताप डोक्यात गेला.

“मामा, आधी आलेला मागे का? हा अन्याय आहे.”

“आल्या न्यायाधीश,” मामा म्हणाले. “गोळ्या घे नि घरी जा.”

मी गेले नाही. डॉक्टरांशी भांडले. ते थकलेले होते. “तूच करून दे काहीतरी,” म्हणाले. मी चार दिवसांत करून दिलं. एक यादी. नवं नाव शेवटी जोडायचं, पुकारायचं ते सुरुवातीचं. ही झाली रांग, म्हणजे क्यू. नाव काढायच्या आज्ञेत कंसात शून्य लिहिलं की यादीतलं पहिलं नाव निघतं; कंस रिकामा ठेवला की शेवटचं. माझा सगळा न्याय त्या एका शून्यात होता. दवाखान्यातल्या जुन्या संगणकापुढे मीच बसू लागले. मला नावं सांगायला माणसं येत होती, आणि मला ते आवडत होतं, हेही कबूल करते.

दुसऱ्या शुक्रवारी साडेअकराला डोंगरातल्या पाड्यावरची एक आजी आली. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. तिचा नंबर एक्केचाळीस.

“गो, माजी जीप साडेबाराला जातंय. मंग नाय.”

“आजी, रांग सगळ्यांना सारखी.”

“सारखी कशी गो? तुजं घर कुठं, नि माजं कुठं?”

मी तिला समजावलं. बाबांच्या पत्रकांतली वाक्यं मला तोंडपाठ होती, ती म्हटली. बाकावरच्या बायका खाली बघत होत्या. बाहेर जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला. आजी पदर खोचून उठली आणि जीपकडे गेली.

अडीचला पडद्यावर एक्केचाळीस आला. मी तीनदा पुकारलं.

मग बाकावरची एक बाई, दवाखान्यामागेच राहणारी, म्हणाली, “आमी सकाळी पेपर टाकून घरी जायचो. भात-भाजी करून दुपारी यायचो. लांबची जीप अकराच्या पुढं येते, त्यांचे पेपर आपसूक वर. त्यांची जीप सुटायच्या आत त्यांचं व्हायचं. आमाला कसली घाई?”

“मग मला आधी सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस कुठं? तू सांगत व्हतीस.”

मामा खिडकीशी उभे होते. ते टोमणा मारतील असं वाटलं, पण त्यांनी मारला नाही. तेच जास्त लागलं.

मी शून्य खोडलं. माझा प्रोग्राम पुन्हा मामांचा गठ्ठा झाला. डॉक्टरांनी आजीचा जुना पेपर पाहून महिन्याच्या गोळ्या बांधून दिल्या. पाड्याच्या फाट्यापर्यंत जाणारी चारची एसटी मी पकडली. फाट्यापासून वर चालत तासभर लागला. वाटेत एकही माणूस भेटला नाही. आजी ही वाट रोज उतरत नसेल, पण जेव्हा उतरते तेव्हा किती वाजता निघत असेल, याचा हिशेब मी पहिल्यांदाच करत होते.

ती अंगणात नाचणी पाखडत होती. तिने पुडी घेतली आणि गोळ्या नेहमीच्याच आहेत ना ते बघितलं. तिची माफी मागायची, यादी बदलली हे सांगायचं, असं मी वाटभर जुळवत आले होते. तिने सूप खाली ठेवलं.

“आता तू परत कशी जाशील गो?”

खाली रस्त्यावर एसटी मागे वळून केव्हाच गेली होती. तिने आत जाऊन तांदूळ मोजताना एक मूठ जास्त घेतली, ते मी दारातून पाहिलं.