अंगठ्याच्या जागी अजून थोडं

डिसेंबरचा दुसरा रविवार. सुधीरची खोली आवरायला घेतली होती. माझा धाकटा भाऊ जाऊन दीड महिना झाला. कपडे देऊन झाले, उरलेली औषधं टाकून झाली, राहिली ती भिंतीवरची गिटार. ती बघायला विलास आला होता. सिन्नर, देवळ्याच्या लग्नांत दोघं एकाच ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्याने एक डोळा मिटून गिटारच्या नेकवरून नजर टाकली. "ताई, वाकायला लागलीय. इतकी बारीक नेक तारांचा ताण कसा सोसणार? नवी बसवतो, म्हणजे कुणी वाजवेल तरी." मी म्हटलं, उद्या येऊन घेऊन जा.

नेक म्हणजे गिटारची दांडी, जिच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात. सुधीर सातपूरला कारखान्याच्या टूलरूममध्ये, सुटे भाग घडवायच्या कामावर होता, आणि त्या दांडीच्या पाठीबद्दल तो तासभर बोलू शकायचा. कुणाला ती गोल, मुठीत भरणारी लागते, कुणाला चपटी, कुणाला मधे कणा असलेली. हात मोठा म्हणून दांडी जाड, असं काही नसतं म्हणायचा. मला ते थेर वाटायचे. "सूर तारांतून निघतो ना? मागे काय का असेना."

"मग आईचं लाटणं माळ्यावर का टाकलंस?"

"ते लाटणं नाही, मुसळ आहे. मनगट भरून येतं."

"मग मी दुसरं काय सांगतोय?"

दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा अंगठा दमायला लागला. दुखायचा नाही, नुसता दमायचा. त्याला वाटलं, नेक जाड आहे. कारखान्यात भाग बसला नाही की कानस घ्यायची... जन्माची सवय. त्याने दांडी मागून घासली, बरं वाटलं. महिन्याभरात ती पुन्हा जाड वाटू लागली, पुन्हा घासली. डॉक्टरांनी मज्जातंतूंच्या आजाराचं नाव सांगितलं, त्यावर औषध नाही हेही सांगितलं. घरी येऊन त्याने पॉलिश पेपर मागितला. पुढे त्याला तो कागदही धरवेना, तेव्हा मी घासू लागले. गिटार माझ्या मांडीवर पालथी, तो खुर्चीत. "ताई, अंगठ्याच्या जागी अजून थोडं. तुझ्या पोळ्यांसारख्या कडा जाड ठेवू नकोस." विलासने बजावलं होतं, आणखी घासलीत तर आतली लोखंडी सळई लागेल. दांडीत खोट नाही, हे मला कळत होतं. पण माझ्या हातून होण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून मी घासत राहिले.

एका दुपारी त्याने दांडीभोवती हात ठेवला, म्हणजे मी ठेवला, आणि तो म्हणाला, "आता बरोबर बसली बघ." मग उजव्या हाताने तारा छेडल्या. डावी बोटं त्यांच्यावर नुसती पडून होती, तारा दाबल्याच गेल्या नव्हत्या. नुसता थप्प असा आवाज आला. तो माझ्याकडे बघत राहिला... मी मांडीवरचा भुसा झटकला आणि चहा ठेवायला उठले.

विलास येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कणीक भिजवायच्या आधी, मी त्याला फोन केला. नेक बदलायची नाही म्हणून सांगितलं.

"मग ती वाजायची नाही, ताई."

"माहीत आहे."

फोन ठेवून दांडी आणखी वाकू नये म्हणून खुंट्या पिळल्या, सहाही तारा सैल केल्या आणि गिटार परत खिळ्याला लावली.