रॉडला लागलेले हात

ठाण्याजवळ बाळकुमात माझी व्यायामशाळा आहे. आमच्या भातशेतावर टॉवर आले, ही एक खोली मी हट्टानं ठेवली. तोंड माझं फाटकं, हे सगळ्यांना ठाऊक.

रवींद्र डोंबिवलीचा, केमिकल कंपनीत लॅबमध्ये. तिकडे गल्लोगल्ली जिम असताना हा खाडीवरच्या नव्या पुलावरून स्कूटर हाणत माझ्याकडे का येतो, मला कळायचं नाही. पंचेचाळिशीचा, एकटा राहणारा. आला तेव्हा पाप्याचं पितर होता नुसता. पण चिकाटी अशी, की वर्षभरात छातीवरून पन्नास किलो उचलायला लागला. तो बेंचवर आडवा झाला की मी डोक्यामागे उभा राहायचो, रॉडखाली हात धरून. रॉड अडकला तर उचलायला कोणीतरी लागतंच. मग आम्ही चहा प्यायचो. कामाव्यतिरिक्त दिवसभरात तेवढंच माझं कोणाशी बोलणं होतं, असं तो एकदा म्हणालेला.

मग एका संध्याकाळी त्यानं सांगितलं, त्याला एचआयव्ही आहे. अकरा वर्षं गोळ्या चालू आहेत. विषाणू इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही. प्रतिकारशक्ती गोळ्यांनी सांभाळली, पण आजारपणात अंगावरचं मांस झडलेलं, म्हणून डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितलेली. डोंबिवलीत कोणाला कळू नये म्हणून एवढ्या लांब. सख्ख्या भावानं त्याचं ताट वेगळं केलेलं. मी म्हटलं, अरे त्यात काय, आणि पाठीवर थाप मारली.

तो गेला आणि मी काय केलं? फिनेल काढून बेंच पुसला. घामानं काही होत नाही, हे मला माहीत होतं. तरी पुसला. सांगायची लाज वाटते. तेवढ्यात तो विसरलेलं हेल्मेट न्यायला परत आला. बादलीकडे बघितलं, हेल्मेट उचललं आणि "येतो भाऊ" म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बेंच सोडला. कोपऱ्यात डंबेल्स मारायचा. डंबेल्सला मागे कोणी उभं राहायला लागत नाही. चहालाही थांबेना. मी दोनदा माफी मागितली.

"अहो भाऊ, सवय आहे मला," एवढंच म्हणाला.

तीन महिने असे गेले. परवा माझं डोकंच फिरलं. एकसष्ट वर्षांचा मी, पन्नास किलो लावून बेंचवर आडवा झालो आणि ओरडलो, रव्या, मागे उभा राहा. तो आला. चौथ्या खेपेला रॉड छातीवर बसला तो उठेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याचे हात रॉडपासून वीतभर वर थांबलेले.

"भाऊ, हात लावू?"

"लाव रे, मरतोय मी!"

त्यानं रॉड अलगद उचलून स्टँडवर ठेवला. काय ताकद आलेली त्याच्यात! मला इतकं बरं वाटलं की धापा टाकतच मी चहा सांगायला उठलो. दारातून वळून बघितलं. रवींद्रनं खिशातून फडका काढलेला, आणि त्याचे हात जिथे लागलेले तेवढाच रॉड तो पुसत होता.