क्रांतीचं मधलं नाव

माझ्या भावाची लेक क्रांती, पलूसची. लगीन चार दिवसांवर आलं तरी पोरीच्या घशाखाली घास उतरंना. मला वाटलं, सासरची भीती. पोरगा आष्ट्याचा, इंद्रजित यादव, मिलिटरीत. वीस दिवसांच्या सुट्टीवर आलेला. लगीन झालं की बायकोच्या नव्या नावाचा कागद करून सुट्टी संपायच्या आत पलटणीत न्यायचा हुता. त्यानं फोनवर एकदाच इचारलं, "नाव बदलायचं ना?" ही म्हणली, "सांगते." तवापासनं हिचं हे असं.

पेपराच्या कडंला सारखी सही गिरवायची. क्रांती इंद्रजित यादव. लिवायची आन् खोडायची. माझं डोकं फिरलं.

"अगं बया, जगातल्या पोरी बदलत्यात. तूच काय मोठी लागून गेलीस?"

"आत्या, आडनाव गेलं तरी चालंल. मधलं कसं काढू? नाना गेले तवा मी सात वर्साची. मला भाऊ न्हाई. मी सोडलं तर त्यांचं नाव लावणारं हाय कोण?"

नाना म्हंजे माझा भाऊ नाथाजी. त्योबी मिलिटरीवालाच. मला भडभडून आलं, पण मी गप्प बसणारी न्हवं. "मग सांग की जावयाला!"

"आन् त्यांनी लगीन मोडलं तर? आईनं कुणाला तोंड दाखवायचं?"

अक्षता पडल्या तरी पोरीनं सांगितलं न्हाई.

पूजेच्या दिवशी यादवांच्या सोप्यात तांदळाचं ताट आलं. नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नाव लिवायचं. मी पाठराखीण, मागंच बसलेली. इंद्रजितनं 'क्रांती' लिवलं आन् थांबला.

"पुढं काय लिवू?"

सगळ्या पावण्यांसमोर इचारलं बघा! ही ताटाकडंच बघत बसली. मग त्यानं अंगठीच तिच्या हातात दिली. तिनं खाली मान घालून लिवलं.

तिची सासू मनुबाई, अक्षरओळख न्हाई बिचारीला. तिनं शेजारी बसलेल्या क्रांतीच्या आईला, माझ्या धोंडुवैनीला इचारलं, "आवं विहीणबाई, काय लिवलं पोरीनं?"

वैनीनं नवऱ्याचं नाव उखाण्याबिगर कवा घेतलं न्हाई. त्यो गेल्यावर उखाणा घ्यायला कोण सांगतंय? मिलिटरीच्या कचेरीत सायबानं नाव इचारलं तरी ती चिमुरड्या क्रांतीला पुढं करायची.

वैनीनं पदर सारखा केला.

"क्रांती नाथाजी," ती म्हणली.

मनुबाई आधी ताटाकडं, मग वैनीकडं बघत ऱ्हायली. क्रांतीनं तर डोळंच मिटलेलं.

"ऱ्हाऊ दे," मनुबाई म्हणली. "त्याच्यापुढं यादव लिव, म्हंजे झालं."

पंगतीत बायका इचारायला लागल्या, सुनेचं नाव काय ठिवलं? आमी कुणी तोंड उघडायच्या आत वैनीच सांगायची, क्रांती नाथाजी यादव. मधलं जरा जोरात.