रस्त्यात बसलेली जाऊ

कामतघर वस्तीत आमच्या घरामागून नाला वाहायचा. त्याचं पाणी कधी जांभळं, कधी लालभडक. डाइंगच्या कारखान्यात कापडाला कोणता रंग दिला ते आम्हाला नाल्यावरून कळे. मी शाळेत शिकवायचे. चार मैत्रिणींना घेऊन कित्येक वर्षं या पाण्याविरुद्ध अर्ज देत होते, प्रदूषण खात्याच्या साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळत होते. साहेब गोड बोलून परत पाठवायचे.

धाकटी जाऊ वळ गावची. तिला मी एकदा आमच्या बैठकीला नेलं. बाहेर पडताना म्हणाली, "ताई, यानं काय व्हनार न्हाय. रस्त्यावर बसू."

"लोकांना त्रास झाला की ते आपल्यावरच चिडतात," मी म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. एका सकाळी, शिफ्ट बदलायच्या वेळी, चाळीतल्या बायका घेऊन ती रस्त्यात बसली. पुढ्यात नाल्याच्या पाण्यानं भरलेल्या बादल्या. रिक्षा, टेम्पो सगळे अडकले. लूमवरचा एक कामगार हात जोडून सांगत होता, "दीदी, हमारी ड्युटी जाएगी." कडेला उभ्या मला ते ऐकून बरं वाटलं.

दुपारी तेच साहेब आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. माझ्यासाठी ते कधी खुर्चीतून उठले नव्हते. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला. सासूबाई तो शेजारणींना दाखवत होत्या. माझ्या हेलपाट्यांबद्दल त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात भांडी आदळत राहिले.

साहेबांच्या आदेशानं कारखाना बंद झाला. तिथे ज्यांचे नवरे कामाला होते, त्या बायका जावेशी बोलेनाशा झाल्या. माझ्या बैठकीलाही येईनात.

"बघ, होती ती माणसंही तुटली," मी तिला म्हणाले.

"तुटली खरी," ती म्हणाली. "पन ताई, पानी थांबलं ना?"

पुढे सांडपाणी साफ करायची टाकी बसवून कारखाना पुन्हा सुरू झाला. टाकी कधी चालायची, कधी नाही. रस्ता अडवल्यानं फायदा झाला की नुकसान, असं कोणी विचारलं तर मी नुकसानच सांगायचे. त्यात खरं किती आणि हेवा किती, हे माझं मलाच कळत नसे.

पाणी पुन्हा रंगीत दिसलं की बायका, आधी रुसलेल्यासुद्धा, माझ्या दारावरून पुढे जायच्या आणि तिला हाक मारायच्या. मी खिडकी लावून घ्यायचे.